प्रत माहितीसाठी

३ मार्च

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. कंबर धरली आहे, म्हणून मनातल्या मनात घातला. पोचला असं धरतो.

फोन केला असता, पण आपला मागचा फोन आठव. तिसऱ्या मिनिटाला तू मला ठोंब्या म्हणालीस आणि मी ठेवून दिला. पत्रात तुला मध्येच तोंड घालता येत नाही, हा पत्राचा फार मोठा गुण आहे.

तर विषय असा. वीस एप्रिलपासून सहा दिवस तू आणि मी गाडीने फिरायला जायचं. एकतीस वर्षं नगरपालिकेच्या गटारखात्यात तपासनीस म्हणून लोकांच्या घाणीत नाक घालते आहेस, रजा केवढी साठली असेल. ती काय निवृत्तीच्या दिवशी हारात ओवून घालणार आहेत?

रस्ता मी आखला आहे. पहिल्या दिवशी तुझ्या गावाहून निघून किनाऱ्याचा रस्ता धरायचा. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला जंगल, आणि जंगल इतकं खाली उतरलेलं की काही ठिकाणी झाडांची मुळं खाऱ्या पाण्यात आहेत. मध्ये एक दीपगृह लागतं. रात्री किनाऱ्यावर एका खोपटात मुक्काम. मग घाट चढून पलीकडे द्राक्षांच्या मळ्यांत. तिथे जाता जाता सहज चार वाइनवाल्यांची तळघरं बघू. माझी ओळख आहे. आमच्या कंपनीची वाइन मीच तर पारखून घेतो, त्यामुळे आपल्याला पाहुण्यासारखं वागवतील. गाडी तू चालव, कारण तिथे मला घोट घोट घ्यावाच लागतो.

हो म्हण.

तुझा,
ठोंब्या (तू म्हणायच्या आधी मीच म्हणतो)


११ मार्च

प्रिय ठोंब्यास,

अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून मी पंख्याखाली बसले. बायको चार वर्षांपूर्वी सोडून गेली तेव्हासुद्धा तू मला तिसऱ्या महिन्यात कळवलं होतंस, आणि तेही प्रेशर कुकरची शिट्टी कुठे मिळते हे विचारताना. असा माणूस एकदम झाडांची मुळं खाऱ्या पाण्यात वगैरे लिहायला लागला की बहिणीच्या मनात नाही नाही ते येतं. एक तर तू मरायला टेकला आहेस. नाही तर दुसरं लग्न करतो आहेस. नाही तर बाबांच्या फ्लॅटच्या कुठल्यातरी कागदावर माझी सही हवी आहे. यातलं काय ते सरळ सांग, मी तिन्हींना तयार आहे. सहीला जरा कमी.

आणखी एक. तुझ्या पत्राला मांजराच्या मुताचा वास येतो. उगीच शंका घेण्याइतका नाही, चांगला सणसणीत येतो. पोस्टमनने ते दोन बोटांत धरून माझ्या हातात दिलं. मी ज्या खात्यात आहे त्या खात्यातल्या बाईसमोर पोस्टमनने नाक मुरडावं, म्हणजे माझी काही इज्जत राहिली का?

येईन म्हणते. पण किनाऱ्यावर एक नाही, दोन दिवस. दीपगृहावर वरपर्यंत चढायचं. मी गाडी चालवताना तू पायाने हवेत ब्रेक दाबायचा नाही. आणि चार तळघरं कशाला? एक पुरे. दारूच्या पिंपांमध्ये बघायचं काय असतं?

ताई


१८ मार्च

ती. ताईस,

सा. न.

मरत नाही, लग्न करत नाही, सही नको. भावाला बहिणीची आठवण येऊ नये असा काही कायदा आहे का?

मांजराचं म्हणशील, तर तुला हसू येईल. त्या दिवशी माझ्या टेबलावर एका नव्या पांढऱ्या वाइनचे नमुने होते. एक पेला कलंडला तो कागदावर. तुला माहीत नसेल, पण काही पांढऱ्या वाइनना हा वास असतोच. आमच्या धंद्यात त्याला मांजरवास म्हणतात आणि जाणकार माणसं डोळे मिटून वाहवा करतात. तुझ्या पोस्टमनला जाण नाही, त्याला काय करणार. एकूण तू घरबसल्या उंची वाइन हुंगलीस आणि वर तक्रार करते आहेस.

किनाऱ्यावर दोन दिवस मंजूर. दीपगृहाच्या एकशे ऐंशी पायऱ्या आहेत, मी खाली उभा राहून हात करीन. तळघरं मात्र चारच राहू देत. रस्त्यातच आहेत, वाट वाकडी करावी लागत नाही. आणि हो, सर्दीबिर्दी झाली असेल तर तोवर बरी करून घे.

ठोंब्या


२५ मार्च

ठोंब्या,

तुझ्या दुसऱ्या पत्रालाही तोच वास आहे.

मी दोन्ही पत्रं खात्यात नेली. पंपावरचे दोघं, आमचा मुकादम आणि मी, चौघांनी आळीपाळीने हुंगली. मुकादमाला गटारात उतरून सव्वीस वर्षं झाली, त्याच्यापुढे तुमचे जाणकार काय डोळे मिटतात. चौघांचं एकमत झालं. वाइन नव्हे, बोका. मोठा आहे, डॉक्टरकडे नेऊन शांत केलेला नाही, आणि तुझं टेबल तो स्वतःच्या मालकीचं समजतो.

वाइन सांडली तर आठ दिवसांत उडून जाते. बरं, एकदा सांडली समजू. दर पत्राला त्याच जागी सांडते का? तू त्या टेबलावर बसतोस, तिथे जेवतोस, पाकिटाला जीभ लावून ते बंद करतोस. (हे लिहून मी हात धुऊन आले.) आणि तुला पत्ताच नाही. वर मला सर्दी बरी करायला सांगतोस. तुला आजवर माझ्या सर्दीची फिकीर कधी पडली होती?

मी फार बोलत नाही. एकच विचारते. तुला वास येतो का? एका शब्दात उत्तर दे.

ताई


२ एप्रिल

ताई,

नाही.

एका शब्दात दिलं. आता बाकीचं ऐक, कारण चार महिन्यांत हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

डिसेंबरात ताप आला. पाच दिवसांत उतरला. सहाव्या दिवशी कॉफी केली तर नुसतं गरम पाणी. मला वाटलं कॉफी जुनी झाली. नवी आणली. मग साबण हुंगला, बुटांत नाक घातलं, रॉकेलची बाटली उघडली. काही नाही, ताई. रॉकेलचासुद्धा वास नाही. जेवण म्हणजे पुठ्ठा, थोडा खारट किंवा थोडा गोड. मी नळ सोडून न्हाणीघरात बसून रडलो. एका चोपन्न वर्षांच्या माणसाने नाकासाठी रडावं, हे तुला सांगतानाही मला लाज वाटते.

कंपनीत कुणाला ठाऊक नाही. जुन्या वह्या आहेत. मागच्या वर्षी याच मळ्याबद्दल जे लिहिलं होतं त्यातले शब्द इकडचे तिकडे करतो. शिवाय माझ्याबरोबर जो दुसरा पारखी होता त्याच्या भुवयांवर नजर ठेवायचो. भुवया वर गेल्या की मी "वा" म्हणायचो. गेल्या महिन्यात तो भुवयांसकट दुसऱ्या कंपनीत गेला. आता एप्रिलची खरेदी मला एकट्याला करायची आहे. चार तळघरं, आणि माझ्या सहीवर वर्षाचा माल येणार. खराब माल घेतला तर मालक मला उभाही करणार नाहीत. मला दुसरं काही येत नाही. माझ्याकडे फक्त नाक होतं.

तुझं नाक लहानपणापासून माझ्यापेक्षा तिखट आहे. मी चोरून ओढलेली सिगारेट तू जिन्याच्या खालून ओळखली होतीस. तू पेला हुंगायचा आणि मला हळूच सांगायचं, बाकी मी बघून घेईन. मदतनीस म्हणून तुझी ओळख करून देतो.

जमेल का?

ठोंब्या


९ एप्रिल

ठोंब्या,

मी नवे बूट घेतले होते. दीपगृहाच्या पायऱ्यांसाठी. खात्यात सगळ्यांना दाखवले, भाऊ फिरायला नेतोय म्हणून सांगितलं. मुकादम म्हणाला, बाई, नशीबवान आहात. आता कळलं की भावाला बहीण नको होती, तिचं नाक हवं होतं. उरलेली बाई गाडी चालवायला बरोबर चालेल, असं ते होतं.

मला वाईट वाटलं. फार वाटलं. तुझं ऐकूनही वाटलं आणि माझं मला स्वतःसाठीही वाटलं. दोन्ही लिहून ठेवते म्हणजे नंतर बोलणं नको.

येते आहे. दुकानदार वापरलेले बूट परत घेत नाही.

पण माझ्या अटी आहेत. मी फक्त हुंगणार, पिणार नाही, घाटात गाडी मला चालवायची आहे. मला तुमचे शब्द येत नाहीत. मी माझ्या खात्याच्या भाषेत सांगीन, तू तुझ्या भाषेत काय लिहायचं ते लिही. आणि परत आल्यावर मालकांना तू स्वतः जाऊन खरं सांगायचं. मेअखेरपर्यंत मुदत देते. लोकांच्या पोटात जाणाऱ्या वस्तूवर आंधळी सही करून चालत नाही. मी आयुष्यात एकाही चेंबरवर झाकण न उघडता सही केलेली नाही.

त्या बोक्याला टेबलावरून हाकल.

ताई


२८ एप्रिल

तपासणी अहवाल

विषय: चार तळघरांतील द्रव पदार्थांच्या वासाबाबत.

स्थळ एक. तांबडा द्रव. पावसाळ्याआधी साफ केलेल्या चेंबरचा वास: ओली माती, किंचित गंज. निर्दोष. (सोबतच्या इसमाने वहीत लिहिले: "ओल्या दगडाची आणि लोखंडाची नितळ छटा.")

स्थळ दोन. पांढरा द्रव. शाळेच्या मुतारीत लिंबं ठेवतात तसा वास. सहन होतो. (सोबतच्या इसमाने लिहिले: "लिंबाच्या सालीचा ताजेपणा, तीक्ष्ण शेवट.")

स्थळ तीन. तांबडा द्रव, मोठे पिंप. महिनाभर बंद असलेल्या चेंबरचे झाकण काढल्यावर पहिले दहा सेकंद येतो तो वास. असा वास आल्यास आमच्या खात्यात आत माणूस उतरवत नाहीत. सोबतचा इसम त्या वेळी "किती खोल आहे" असे म्हणत खिशातून पेन काढत होता. निरीक्षकाने त्याच्या पायावर पाय दिला. तळघराचे मालक प्रथम संतापले, नंतर पिंपात स्वतः नाक घालून दोन पावले मागे सरकले. पिंप नासलेले निघाले.

स्थळ चार. तांबडा द्रव. बाबांच्या कपाटाचा वास. याबाबत निरीक्षकाचा शेरा नाही.

निष्कर्ष. सोबतच्या इसमास पाच महिन्यांपासून कोणताही वास येत नाही. त्याचे इतर वर्तन समाधानकारक आहे. दीपगृहावर तो शेवटी चढला.

प्रत माहितीसाठी व पुढील कार्यवाहीसाठी:
१. संबंधित इसम.
२. मालक, संबंधित कंपनी.
३. कार्यालयीन नस्ती.


६ मे

ताई,

तुझा अहवाल वाचून मी पोट धरून हसलो. स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवला. खालची प्रतींची यादी मला गंमत वाटली.

काल मालकांनी बोलावलं. त्यांच्या टेबलावर प्रत क्रमांक दोन होती. माझी वही त्यांनी शेजारी उघडून ठेवली होती. मुतारीवर बोट, मग लिंबाच्या सालीवर बोट, पुन्हा मुतारीवर. मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि तळघराच्या किल्ल्या मागून घेतल्या. बावीस वर्षांचा हिशेब पाण्याच्या एका पेल्यात संपला.

मुदत मेअखेरची होती. तूच दिली होतीस. मी सांगणारच होतो, काय बोलायचं ते लिहूनही काढलं होतं. एकतीस वर्षांत एक मुदत मोडली नाही म्हणून मिरवतेस, आणि मोडलीस ती नेमकी माझ्याच वेळी.

आणि मी मूर्ख. त्या सहलीत मला वाटत होतं, आपलं जमलं. खोपटातल्या दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला तू माझी बाही धरून मला पायजम्यावर ओढत किनाऱ्यावर नेलंस, चहासुद्धा करू दिला नाहीस. तासभर वाळूत बसवून ठेवलंस. झाडांतून धुकं खाली येत होतं. तू काही बोलली नाहीस. मला वाटलं, ताईला माझी माया आली.

तू माझं नाक कापलंस. तसंही ते चालत नव्हतं, पण दिसायला होतं.

पत्र लिहू नकोस.


२ जून

ठोंब्या,

सवयीने झालं. अहवाल लिहिला की तीन प्रती, हे हाताला माहीत आहे. हात आपोआप पाकिटं भरतो.

रागावला असशील तर रागाव. पण उत्तर दे. एवढंच कळव की जेवतोस का.

ताई


२० जुलै

ठोंब्या,

दोन महिने झाले. फोन लागतो, तू उचलत नाहीस. काल तुझ्या शेजारणीला फोन करून तू दिसतोस ना विचारलं. ती म्हणाली, दिसतात, जिन्यात माझ्याकडे बघून हात करतात. मग मला जरा बरं वाटलं.

आता खरं लिहिते. प्रत सवयीने गेली नाही. तुझ्या खरेदीच्या वहीवरून मालकांचा पत्ता मी उतरवून घेतला, पाकिटावर लिहिला, पोस्टात स्वतः गेले. पेटीसमोर पाच मिनिटं उभी राहिले आणि टाकलं.

खोपटातल्या त्या पहाटे मला वासाने जाग आली. गॅसचा वास. असा दाट की डोळ्यांत झोंबला. मी स्वयंपाकघरात आले तर तू शेगडीपाशी पाठमोरा उभा होतास, खिसे चाचपत. भांड्यात चहाचं पाणी, खिडक्या बंद, बटण पूर्ण फिरलेलं. पेटून विझली असेल किंवा तू पेटवलीच नसशील. तू गुणगुणत होतास. तू काडेपेटी शोधत होतास, ठोंब्या. मी बटण बंद केलं, दार लाथेने उघडलं आणि तुझी बाही धरली. "चल, समुद्र बघू" म्हणाले. वाळूत तासभर बोलले नाही ती माया नव्हती. मला उठताच येत नव्हतं.

तुला तेव्हाच का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर तू हसून म्हणाला असतास, एकदाच झालं. आणि घरी जाऊन पुन्हा तेच. नाक आहे असं कंपनीत दाखवायचं म्हणजे घरीही तेच दाखवणार. डॉक्टरकडे जाणार नाहीस, शेगडी बदलणार नाहीस, शेजारणीला सांगणार नाहीस, कारण गोष्ट फुटेल. मेअखेरपर्यंत चाळीस दिवस होते. चाळीस दिवस तू रोज दोन वेळा चहा करणार, हे मी वाळूत बसून मोजलं. मी थांबू शकले नाही.

तुझी नोकरी मी घालवली. ती तुला जिवापाड होती हे मला माहीत आहे. बेकार होऊन मला शिव्या घालणारा भाऊ मला चालेल. दुसरा कसलाच चालणार नाही, मला एवढा एकच आहे.

ताई


९ ऑगस्ट

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. या वेळी खरोखर घातला, मग कंबर धरली.

तुझं पत्र तीन आठवडे टेबलावर ठेवून बघत होतो. तेवढ्यात बरंच काही केलं, ते आधी सांगतो. डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, नाक परत येईल किंवा येणार नाही, म्हणजे मला जेवढं ठाऊक होतं तेवढंच त्यांनाही. गॅसची शेगडी काढून टाकली, विजेची आणली. शेजारणीला सांगितलं. ती रोज सकाळी येऊन माझं दूध हुंगते आणि "चालेल" म्हणून जाते. जिन्यात लोक काय काय बोलतात, पण आमचं हे फक्त दुधापुरतं आहे.

मालकांनीही पुन्हा बोलावलं. बाटलीच्या मागे चार ओळींचा मजकूर असतो ना, तो लिहायचं काम देतात. म्हणाले, शाळेच्या मुतारीतून लिंबाची साल वेचून काढणारा माणूस दुसरा मिळणार नाही, आणि या कामाला नाकाची अट कधीच नव्हती. हुद्दा खालचा आहे. घेतला.

तुला माफ केलेलं नाही. आठ दिवसांनी एकदा अजून जोरात राग येतो, बहुधा मंगळवारी.

आता एक गोष्ट तुला माहीत नाही ती सांगतो. तू लिहितेस, मी काडेपेटी शोधत होतो. शोधत नव्हतो. पेटी सापडली होती. ती पायजम्याच्या खिशातच होती, आणि काडी बाहेर काढून झाली होती. तू बाही ओढलीस तेव्हा ती माझ्या हातात होती. किनाऱ्यावर तुझ्या शेजारी बसून मी त्या काडीने दात कोरत होतो, ताई. तासभर.

मी शनिवारच्या गाडीने येतो आहे. दोन दिवस राहीन, काही काम नाही.

तुझा भाऊ